गोवराची साथ आणि सामूहिक लसीकरण मोहीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे आशाताई, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, वस्तीतले कार्यकर्ते आणि पालक यांच्यासाठी आहेत. उदाहरणे मुख्यतः २०२२-२३ च्या महाराष्ट्रातल्या साथीची आहेत. त्या वेळी गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव ही नावे रोज बातम्यांत होती. गरज पडली तिथे सामोआसारख्या परदेशातल्या साथींचाही आधार घेतला आहे.

नेहमीचे लसीकरण चालू असते. मग वेगळी मोहीम कशाला?

कारण नेहमीच्या लसीकरणातून सुटलेली मुले दरवर्षी साठत जातात. एका मोठ्या वस्तीचा हिशेब करून पाहा. वर्षाला १,००० बाळे जन्मतात आणि त्यातल्या ९०० जणांना नवव्या महिन्याचा एमआर, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा डोस मिळतो. कागदावर हे ९० टक्के काम उत्तम दिसते. पण नवव्या महिन्यात दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांमध्येच नीट रुजतो. म्हणजे संरक्षण मिळाले ७६५ बाळांना आणि २३५ उघडी राहिली. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस यातली बरीच तूट भरून काढतो. मात्र तो घ्यायला येणारी मुले बहुतेक पहिला डोस घेतलेल्यांपैकीच असतात. ज्या १०० मुलांनी पहिलाच डोस घेतला नाही, ती तशीच राहतात. चार वर्षांत असा एकही डोस न मिळालेल्या मुलांचा आकडा ४०० होतो, आणि ही ४०० मुले वस्तीभर विखुरलेली नसतात. ती त्याच दोन-तीन गल्ल्यांत, त्याच भाड्याच्या खोल्यांत, त्याच नात्यागोत्यात असतात.

गोवराला एवढे पुरते. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल आजार पसरवत असते, आणि तोवर घरच्यांना ते साधे सर्दी-खोकल्याचे मूल वाटते. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हा निकष आहे, आणि तो संपूर्ण जिल्ह्याच्या सरासरीवर पाहून भागत नाही.

कोविडच्या काळात ही साठवण एकदम वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकट्या २०२१ मध्ये जगभरात जवळपास ४ कोटी मुलांचा गोवर लसीचा एक तरी डोस हुकला. पुढच्याच वर्षी मुंबईत साथ आली.

साथ आली असे कधी धरायचे?

एका भागात चार आठवड्यांत ताप आणि पुरळ असलेले पाच किंवा अधिक संशयित रुग्ण दिसले की चौकशी सुरू करायची. नमुने त्याच दिवशी घ्यायचे. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांची (नव्या संसर्गात शरीर बनवते त्या संरक्षक घटकांची) तपासणी होऊ शकते. मात्र अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांत ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत घशाचा स्वॅबही घ्यावा. प्रत्येक रुग्णाचा नमुना लागत नाही. काही नमुन्यांत गोवर ठरला की बाकीचे रुग्ण संपर्कावरून जोडता येतात.

अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. घरोघरी यादी करणे, व्हिटॅमिन ‘अ’ देणे, डोस हुकलेल्यांना लस देणे, यातल्या एकाही कामाला प्रयोगशाळेचा कागद लागत नाही.

साथ पसरलीच आहे. आता लस देऊन उपयोग काय?

एकेकाळी तज्ज्ञांचेही हेच मत होते. गोवर इतक्या वेगाने पसरतो की लस पोहोचेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते, असे धरून मोठ्या मोहिमेवर भर दिला जात नसे. पण बऱ्याच साथी कित्येक महिने चालतात आणि एका वस्तीतून दुसरीत सरकत जातात, हे नोंदींवरून दिसले. नायजर देशाची राजधानी नियामे इथल्या २००३-०४ च्या साथीचा अभ्यास याच निष्कर्षाला आला: उशिरा केलेल्या मोहिमेनेही काही रुग्ण टळतात, आणि लवकर केली तर कितीतरी जास्त टळतात. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपले मार्गदर्शन बदलले आणि साथीच्या काळातही सामूहिक लसीकरणाचा विचार करायला सांगितले.

एका मुलापुरते बोलायचे तर रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. शेजारच्या घरात आज पुरळ दिसले असेल तर तो काळ बहुधा उलटलेला असतो, कारण संसर्ग चार दिवस आधीच सुरू झालेला असतो. तरीही लस द्या. या वेळी संसर्ग झालाच नसेल, तर पुढच्या वेळेसाठी संरक्षण मिळते. झालेला असेल, तर लसीने आजार वाढत नाही.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात नेमके काय ठरले होते?

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व विभागात (गोवंडीचा भाग) रुग्ण वाढू लागले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचे पथक आले. त्याच महिन्याच्या शेवटी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दोन गोष्टी सुचवल्या. एक, साथीच्या भागातल्या ९ महिने ते ५ वर्षांच्या सर्व मुलांना एमआर लसीचा एक जादा डोस द्यावा, आधी किती डोस झाले याचा हिशेब न करता. दोन, जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून अधिक रुग्ण ९ महिन्यांपेक्षा लहान असतील, तिथे ६ महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक डोस द्यावा.

राज्याने डोस राहिलेल्या मुलांसाठी दोन फेऱ्या ठेवल्या: १५ ते २५ डिसेंबर २०२२ आणि १५ ते २५ जानेवारी २०२३. मधले अंतर मुद्दाम ठेवलेले होते. एमआर लसीच्या दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात. पहिल्या फेरीत ज्याला पहिला डोस मिळाला, त्याला दुसऱ्या फेरीत दुसरा देता येतो.

याआधी २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात ९ महिने ते १५ वर्षे वयोगटाची मोठी एमआर मोहीम झाली होती (गोव्यात ती फेब्रुवारी २०१७ मध्येच झाली). पण २०२२ मध्ये जी मुले चार वर्षांच्या आतली होती, ती २०१८ च्या मोहिमेत नव्हतीच. एका मोहिमेने त्या दिवशी असलेल्या मुलांचे काम होते, पुढे जन्मणाऱ्यांचे होत नाही.

‘झीरो डोस’ कार्डावर कसा लिहायचा?

सहाव्या ते नवव्या महिन्यात दिलेला डोस म्हणजे ‘झीरो डोस’. तो जादा डोस म्हणून वेगळा लिहायचा. एमआर-१ च्या रकान्यात लिहायचा नाही. या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे थोडी शिल्लक असतात आणि लसीचा जोर कमी करतात, म्हणून हा डोस मोजणीत धरत नाहीत. नऊ महिने पूर्ण झाल्यावर, झीरो डोसनंतर चार आठवडे गेल्याची खात्री करून एमआर-१ द्यायचाच.

इथे नेहमी होणारी चूक अशी: घाईत सेविका एमआर-१ च्या रकान्यात तारीख टाकते. पुढे बाळ नवव्या महिन्यात दुसऱ्या केंद्रावर जाते, तिथे कार्ड पाहून ‘झालाय’ म्हणून परत पाठवतात. साथीतल्या सर्वांत लहान मुलांचाच पहिला खरा डोस असा हुकतो. कार्डावर वरच्या मोकळ्या जागेत ‘साथ – जादा डोस’ असे ठळक लिहा आणि आईला तोंडी सांगा, “नवव्या महिन्यात परत यायचं आहे, हा डोस त्यात धरलेला नाही.”

माझ्या मुलाचे दोन्ही डोस झाले आहेत. तिसरा दिला तर अपाय होईल का?

नाही. आधीची प्रतिपिंडे लसीतला दुबळा विषाणू निकामी करतात आणि तेवढ्यावरच ते थांबते. उलट, आधीच्या डोसांनी ज्याला संरक्षण मिळाले नव्हते ते मूल यात पकडले जाते. मोहिमेत प्रत्येकाचे कार्ड तपासत बसले तर निम्मा दिवस त्यातच जातो, आणि कार्ड हरवलेले मूल नेमके मागे राहते.

मोहिमेची आखणी कुठून सुरू करायची?

यादीपासून, आणि ती यादी पायी फिरून केलेली हवी. जनगणनेचे किंवा गेल्या वर्षीच्या लक्ष्याचे आकडे घेऊन आखलेली मोहीम पहिल्याच दिवशी चुकते. मुंबईच्या झोपडपट्टीत वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली कोणत्याच नकाशावर नसते, आणि तिथेच सहा महिन्यांपूर्वी गावाहून आलेले कुटुंब राहत असते.

वस्ती १५० ते २०० घरांच्या तुकड्यांत वाटून घ्या. प्रत्येक तुकड्याची हद्द बोलीतल्या खुणांनी लिहा: ‘मशिदीच्या मागची भिंत ते पाण्याची टाकी’, ‘रेशन दुकान ते नाला’. शेजारच्या दोन आशांच्या हद्दी जिथे मिळतात ती गल्ली दोघींनी एकत्र उभे राहून ठरवा. सुटलेली घरे बहुतेक वेळा या सीमेवरच सापडतात, कारण दोघींनाही ती समोरचीच्या वाट्याची वाटतात.

यादीत पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, फोन, आधीचे डोस आणि सध्या ताप-पुरळ आहे का, एवढे पुरते. मूल पाहुणे म्हणून आले असेल, पुढच्या आठवड्यात जाणार असेल, तरी त्याचे नाव घ्यायचे. आजीकडे ठेवलेली मुले, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची थोरली मुले, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या, वीटभट्ट्या, पुलाखालची कुटुंबे, यांची वेगळी यादी करा. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हिवाळाभर कारखान्याच्या तळावर असतात, आणि गोवराचा जोरही हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच असतो. गावच्या यादीत ती मुले ‘बाहेरगावी’ आणि तळावरच्या यादीत ‘आमची नाहीत’ अशी दोन्हीकडून निसटतात. कारखान्याच्या आरोग्य केंद्राने टोळीच्या मुकादमाकडून कोप्यांची (झोपड्यांची) संख्या घ्यावी आणि बैलगाड्या फडाकडे निघण्याआधी, पहाटे किंवा संध्याकाळी, तळावर सत्र लावावे.

एका पथकात लस टोचणारी एक आरोग्यसेविका, नोंद करणारी एक व्यक्ती आणि मुले आणून रांग सांभाळणारी आशा किंवा अंगणवाडी सेविका, हे किमान. एक टोचणारी दिवसाला साधारण १०० ते १५० मुलांना सुरक्षितपणे लस देऊ शकते. त्याहून जास्त लक्ष्य दिले की सुयांच्या आणि नोंदीच्या चुका वाढतात.

सत्राची वेळ वस्तीच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठेवा. सकाळी १० ते ४ ही वेळ कार्यालयाची सोय आहे. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी दोननंतर भेटतात, जरीच्या आणि शिवणाच्या कारखान्यांतले बाप शुक्रवारी किंवा रात्री आठनंतर.

किती लस आणि किती सामान मागवायचे?

समजा यादीत १,२०० मुले आहेत. मोहिमेत १० टक्के वाया जाणे धरतात, म्हणून १,२०० ला १.११ ने गुणा: १,३३२ डोस. दहा डोसांच्या कुपीप्रमाणे १३४ कुप्या. तितकेच द्रावण-अँप्युल (लस विरघळवायच्या द्रवाच्या छोट्या काचेच्या बाटल्या), म्हणजे १३४, त्याच कंपनीचे. विरघळवण्यासाठी ५ मिलीच्या सिरिंज प्रत्येक कुपीला एक आणि थोड्या जादा. टोचण्यासाठी ०.५ मिलीच्या एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंज १,३३२. शिवाय हब कटर (वापरलेली सुई कापण्याचे साधन), कचऱ्यासाठी लाल आणि काळ्या पिशव्या, मार्कर पेन, कार्डे, व्हिटॅमिन ‘अ’ चे औषध आणि प्रत्येक सत्राला ॲनाफिलॅक्सिस (तीव्र ॲलर्जी) किट.

व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक आणि १६ ते २० कुप्या मावतात. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट भरायचे नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळल्याचा आवाज येऊ लागला की भरायचे. एमआरची कोरडी लस गोठली तरी बिघडत नाही, पण त्याच कॅरिअरमधल्या इतर लसी बिघडतात आणि द्रावणाच्या काचेच्या अँप्युल तडकतात.

एकाच मुलासाठी कुपी फोडायची का, हा प्रश्न पथके पुन्हा पुन्हा विचारतात. साथीत उत्तर एकच: हो, फोडा. नऊ डोस वाया गेलेले परवडतात. परत पाठवलेले मूल पुन्हा येईलच याची खात्री नसते.

लस विरघळवताना काय चुकते?

मोहिमेतला सर्वांत मोठा धोका इथे आहे, म्हणून हे उत्तर लांब आहे.

एमआर लस कोरड्या वडीच्या रूपात येते आणि सोबतच्या द्रावणात विरघळवावी लागते. द्रावण कमीत कमी २४ तास आधी आयएलआरमध्ये (लसी ठेवायच्या खास फ्रीजमध्ये) २ ते ८ अंशांवर ठेवलेले हवे. कोमट द्रावण घातले तर लसीतला जिवंत विषाणू तिथेच मरू लागतो. दुसऱ्या कंपनीचे द्रावण, सलाईन किंवा इंजेक्शनचे साधे पाणी चालत नाही.

कुपी उघडण्याआधी टोपणावरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) पाहा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर कुपी बाजूला. मग कुपीवरचे आणि अँप्युलवरचे नाव मोठ्याने वाचा, अंतिम तारीख वाचा, आणि शेजारच्या व्यक्तीला ऐकायला लावा. अँप्युलमधले सगळे द्रावण नव्या ५ मिली सिरिंजने ओढून कुपीत सोडा. तळव्यांत धरून हळू फिरवा, जोरात हलवू नका. लगेच लेबलवर तारीख आणि वेळ लिहा. तिथून चार तास. चार तास झाले किंवा सत्र संपले, जे आधी होईल तेव्हा ती कुपी संपली, आत सहा डोस शिल्लक असले तरी. या लसीत जंतूंना रोखणारे रसायन नसते. त्यामुळे उघडलेली कुपी दुसऱ्या दिवशी वापरली तर आत वाढलेले जंतू बाळाच्या अंगात जातात, आणि त्यातून होणारा टॉक्सिक शॉक (जंतूंच्या विषाचा झटका) काही तासांत जीव घेऊ शकतो.

विरघळवलेली कुपी आइसपॅकच्या खाचेत, सावलीत ठेवा. ऊन आणि उष्णता दोन्ही तिला मारतात. एडी सिरिंजचा दट्ट्या एकदाच मागे येतो, म्हणून सवयीने आधी हवा ओढली की ती सिरिंज फुकट गेली. सिरिंज आधीच भरून ओळीने मांडून ठेवू नका. त्वचा साध्या स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने पुसा. स्पिरिट लावले आणि ते वाळले नाही तर लस निकामी होऊ शकते. उजव्या दंडावर, त्वचेखाली, ४५ अंशांत, ०.५ मिली. नंतर जागा चोळायची नाही. सुईला टोपण परत न लावता लगेच हब कटरने कापा.

या पायऱ्या वगळल्याची किंमत जगाने मोजली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाच्या इदलिब प्रांतात द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध मिसळले गेले आणि १५ बालके दगावली. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली आणि लस थंड ठेवली गेली नाही. तिथेही १५ बालके गेली. या घटनांत मूळ लसीत दोष नव्हता, चूक हाताळणीची होती. म्हणून आयएलआरमध्ये लस आणि तिचे द्रावण यांखेरीज दुसरे कोणतेही औषध, एक अँप्युलसुद्धा, ठेवायचे नाही.

कोणाला लस द्यायची नाही?

गरोदर स्त्री, केमोथेरपी किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असलेले मूल, गंभीर प्रतिकारशक्ती-दोष असलेले मूल, आणि आधीच्या एमआर डोसनंतर तीव्र ॲलर्जी आलेले मूल. खूप ताप असलेल्या किंवा दवाखान्यात भरती करण्याइतक्या आजारी मुलाला बरे झाल्यावर. सर्दी, खोकला, हलका ताप, जुलाब, कुपोषण, अंड्याची ॲलर्जी यांपैकी कशासाठीही लस टाळू नका. कुपोषित मुलाला तर गोवर सर्वांत जास्त छळतो, त्याला आधी द्या.

लस दिल्यावर काय होऊ शकते?

त्याच दिवशी टोचल्या जागी थोडे दुखते. पाचव्या ते बाराव्या दिवसादरम्यान काही मुलांना एक-दोन दिवस ताप येतो आणि सुमारे ५ टक्के मुलांना फिकट पुरळ येते. हे पुरळ इतरांना लागत नाही. हे आधीच सांगितले नाही तर आठव्या दिवशी वस्तीत ‘लसीनेच गोवर आला’ अशी चर्चा होते आणि दुसरी फेरी बसते.

तीव्र ॲलर्जी लाखो डोसांत एखाद्यालाच येते, पण आली तर मिनिटांत येते. म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचे. किटमधली ॲड्रेनलिन मुदतीतली आहे का आणि वयानुसार मात्रेचा तक्ता आत चिकटवलेला आहे का, हे सत्र सुरू होण्याआधी पाहा.

तापासाठी पॅरासिटामॉल दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही औषधे मिळतात, बाटल्या सारख्याच दिसतात. आईच्या हातातली बाटली पाहूनच किती मिली ते सांगा.

घरचे नाही म्हणतात. कसे बोलायचे?

आधी ‘नाही’ कोण म्हणतंय ते शोधा. दारात आई नाही म्हणते, पण ठरवणारी आतली सासू किंवा कामावर गेलेला नवरा असतो. आईशी वाद घालून उपयोग नसतो. “भाऊ किती वाजता येतात? तेव्हा येते,” म्हणा आणि खरेच त्या वेळी जा.

मग कारण ऐका. ‘गोवर म्हणजे देवी, अंगावर निघून गेला की बरं’ असे म्हणणाऱ्या आजीला देवीवरून खोडून काढू नका. तिने आपल्या आयुष्यात गोवरानंतर खंगलेली, कान वाहणारी, डोळा गेलेली मुले पाहिलेली असतात. तिलाच विचारा. ती आठवून सांगते, आणि पुढचे बोलणे सोपे होते. तिला हेही सांगता येते की गोवर बरा झाल्यावरही मूल अनेक महिने इतर आजारांना सहज बळी पडते, कारण गोवर शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्ती पुसतो. २०१९ च्या एका संशोधनात गोवरानंतर मुलांच्या शरीरातली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली.

‘लसीने मूल पुढे वांझ होतं’ ही अफवा जिथे आहे, तिथे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा मोहल्ल्यातले डॉक्टर, मौलाना, मदरशाचे शिक्षक यांचा शब्द चालतो. त्यांना मोहीम सुरू होण्याआधी भेटा, विरोध झाल्यावर नव्हे. त्यांनी आपल्या नातवंडांना सर्वांसमोर पहिला डोस दिला तर भाषणाची गरजच उरत नाही.

पण ज्याला आपण विरोध म्हणून नोंदवतो त्यातला मोठा भाग विरोध नसतोच. मागच्या डोसला रात्रभर ताप आला, मूल रडले, दुसऱ्या दिवशी आईचे काम बुडले, आणि तेव्हा विचारायला कोणी आले नाही, एवढेच असते. अशा घरी पॅरासिटामॉल हातात द्या, तुमचा फोन नंबर द्या आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला जा. ‘नकार’ असा एकच शिक्का न मारता यादीत कारण लिहा: घर बंद, गावी गेले, मूल आजारी, वडिलांची परवानगी नाही, ताप येण्याची भीती, अफवा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

घरात मूल गोवराने आजारी आहे. काय करायचे?

व्हिटॅमिन ‘अ’ लगेच द्या, आणि दुसऱ्या दिवशी तितकेच पुन्हा. सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, एक वर्ष आणि पुढे २ लाख. सरकारी औषधात १ मिलीमध्ये १ लाख युनिट असतात, म्हणजे अनुक्रमे अर्धा, एक आणि दोन मिली. डोळ्यांत लाली सोडून काही बिघाड दिसत असेल (बुबुळावर डाग, अंधारात न दिसणे) तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच पाठवणे. नेहमीच्या कार्यक्रमातला डोस मिळाला असला तरी हे द्यायचेच. मात्र हे उपचार आहेत, लसीला पर्याय नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घरी वाढवून देऊ नयेत.

दूध, पेज, ओआरएस चालू ठेवा. अंगावर पाजणे थांबवू नका. पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, शक्यतो आठवडाभर, मूल शाळेत, अंगणवाडीत, लग्नात नेऊ नका. श्वास भरभर चालणे, छाती आत ओढली जाणे, काहीच न पिणे, झटका, सुस्ती: यातले एक जरी दिसले तर तडक रुग्णालय. गोवराने मरणारी मुले बहुतेक न्यूमोनियाने किंवा जुलाबाने मरतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

अहवालात १०० टक्क्यांच्या वर काम दिसते, तरी रुग्ण का येतात?

कारण भागाकार चुकीचा आहे. खाली लक्ष्याचा जुना, कमी आकडा असतो, आणि वर शेजारच्या वॉर्डातून आलेली मुलेही मोजली जातात. १०४ टक्के दिसतात आणि एक अख्खी गल्ली कोरी असते.

यावर उपाय स्वस्त आहे. पथक गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या भागात काम न केलेल्या व्यक्तीने जावे. सत्राच्या जागेपासून सर्वांत लांबचा, सर्वांत अडचणीचा कोपरा निवडावा आणि त्या वयाची २० मुले दारोदार तपासावीत. मोहिमेत डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण केलेली असते, ती पाहावी. वीसपैकी दोन किंवा अधिक मुले हुकलेली निघाली तर त्या तुकड्यात पथक परत पाठवावे. हे निकाल त्याच संध्याकाळी बैठकीत यायला हवेत. मोहीम संपल्यावर आलेल्या अहवालाने हुकलेल्या मुलाला काहीच मिळत नाही.

सामोआचे उदाहरण इतके का दिले जाते?

साधारण दोन लाख वस्तीचा हा पॅसिफिकमधला देश. जुलै २०१८ मध्ये तिथे परिचारिकांनी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस सोबतच्या द्रावणाऐवजी मुदत संपलेल्या भुलीच्या औषधात मिसळली आणि दोन बाळे दगावली. सरकारने लसीकरण काही महिने थांबवले. लोकांचा विश्वास उडाला आणि लसीकरण साधारण ३१ टक्क्यांवर आले. २०१९ मध्ये गोवर पोहोचला: ५,७०० हून अधिक रुग्ण, ८३ मृत्यू, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची बालके. नोव्हेंबरमध्ये आणीबाणी जाहीर झाली. ५ आणि ६ डिसेंबरला सगळा देश बंद ठेवून पथके घरोघर गेली. ज्यांचे लसीकरण राहिले होते त्यांनी घरासमोर लाल कापड लावायचे होते. त्या मोहिमेने लसीकरण सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत नेले आणि साथ ओसरली.

दोन अँप्युलमधली चूक, तिची उघड चौकशी करून लसीकरण लवकर पूर्ववत करण्यात झालेला उशीर, आणि मग ८३ जीव, ही साखळी आपल्याकडच्या प्रत्येक शीतसाखळी कर्मचाऱ्याला शिकवली पाहिजे असे आमचे ठाम मत आहे. गंभीर घटना घडली तर त्या कुपीचा साठा बाजूला काढा, कुपी, सिरिंज, नोंदी जपून ठेवा, त्याच दिवशी कळवा. पण सगळ्या जिल्ह्याचे लसीकरण अनिश्चित काळासाठी बंद ठेवू नका.

मोहीम झाली. साथ संपली असे कधी म्हणायचे?

लसीनंतर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ज्यांना आधीच संसर्ग झाला आहे त्यांचे पुरळ अजून उठायचे असते. म्हणून मोहिमेनंतर दोन-तीन आठवडे रुग्ण येत राहतात. त्याने गडबडून जाऊ नका, पण त्या प्रत्येक रुग्णाची लस झाली होती का आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. मोहिमेनंतर तीन आठवड्यांनीही लस न घेतलेली मुले आजारी पडत असतील तर ती गल्ली अजून राहिली आहे. शेवटच्या रुग्णानंतर ४२ दिवस, म्हणजे अधिशयनाचा (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा) जास्तीत जास्त काळ दोनदा, नवा रुग्ण नसेल तर साथ संपली असे धरतात.

त्या ४२ दिवसांत यादी कपाटात ठेवू नका. झीरो डोस मिळालेली बाळे नऊ महिन्यांची होत असतात आणि पहिला डोस मिळालेल्यांचा दुसरा बाकी असतो. ही सगळी नावे पुढच्या नियमित सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये (डोस बाकी असलेल्यांच्या यादीत) आणि यू-विनवर (लसीकरण नोंदीच्या सरकारी पोर्टलवर) चढवा. मोहिमेत पहिल्यांदाच सापडलेली घरेही आता त्या आशाताईंच्या नेहमीच्या फेरीत आली पाहिजेत.